ठोक बंद

अमावास्येला अण्णा आईला मारत नसत. लहानपणी मला वाटायचं, हा काहीतरी धार्मिक नियम असावा. एकादशीला जसं कांदा-लसूण नाही, तसं अमावास्येला मारणं नाही. त्या दिवशी मी सकाळपासून खुशीत असे. शाळेत एकदा बाई म्हणाल्या की अमावास्या अशुभ असते, तेव्हा मी हात वर करून ठणकावून सांगितलं होतं, "आमच्याकडे शुभ असते." का, ते त्यांनी विचारलं नाही हे बरं झालं. खरं कारण मला बरंच पुढे उमगलं. अमावास्येला तांबटांची सुट्टी असे. त्या दिवशी आळीत एकही हातोडा वाजत नसे, आणि हातोडे वाजत नसले की घरातलं सगळं शेजाऱ्यांना ऐकू जातं. अण्णांना चार लोकांत मान होता, तो त्यांना जपायचा होता.

आमची आळी कसब्यात, हात पसरले तर दोन्हीकडच्या ओट्यांना टेकतील इतकी अरुंद. खाली कारखाना, वर राहायच्या दोन खोल्या, अशी सगळ्यांची घरं. कारखाना म्हणजे काय, तर एक भट्टी, एक भाता, जमिनीत रोवलेला लोखंडी खुंटा आणि भिंतीला टांगलेले लहानमोठे हातोडे. सकाळी आठला पहिला ठोका पडायचा आणि मग दिवस मावळेपर्यंत बंब, घंगाळं, हंडे, कळशा यांवर जी ठोक चाले, तिच्यात आम्ही जन्मलो, जेवलो, अभ्यास केला आणि झोपलोही. आमच्या आळीतली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलत. सासरी गेल्यावर पहिले सहा महिने मला सगळे सांगत होते, "अगं, हळू बोल, आम्ही इथेच आहोत." आईच्या आणि माझ्या हातांना कायम चिंचेचा वास असे, कारण तयार झालेलं भांडं चिंचेच्या पाण्याने घासून लखलखीत करणं हे घरातल्या बायकांचं काम. वरणभात कालवताना बोटांना जरा आंबट चव लागे. अजूनही कुठे चिंच भिजत घातलेली दिसली की मला भूक लागते आणि भीतीही वाटते, दोन्ही एकाच वेळी.

अण्णा मठारकामात आळीत पहिले. मठारणं म्हणजे घडवलेलं भांडं खुंट्यावर धरून त्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने एकाशेजारी एक गोल ठसे उठवत जाणं. भांडं त्याने बळकट होतं आणि झळकतं. दुसरे लोक आधी खडूने वर्तुळं आखून घेत. अण्णा काहीही आखत नसत. हंडा फिरत राही, हातोडा पडत राही आणि शेवटचा ठसा पहिल्या ठशाला असा येऊन भिडे की जोड कुठे ते सापडू नये. मी सहा-सात वर्षांची असताना त्यांनी माझा हात आपल्या हातात घेऊन मला एका तपेलीवर पाच ठसे उठवायला लावले होते. त्यांचा तळवा खरखरीत आणि ऊबदार होता. "हाताने मारायचं नाही, शके. हातोडा आपण होऊन पडतो, आपण फक्त त्याला वाट दाखवायची," असं ते म्हणाले. मला अण्णा आवडत. हे लिहिताना आज या वयात लाज वाटते, पण आवडत, त्याला इलाज नाही.

आणि हाच माणूस आठवड्यातून एकदा तरी आईला मारी. कारण लागत नसे. भाजीला मीठ जास्त झालं, शेजारच्या गोदाकाकूंशी ती फार वेळ बोलली, हाक मारल्यावर लगेच ओ दिली नाही. हातोडा हाती नसताना त्या हातांना काय करावं हे जणू कळतच नसे. वरून पहिला धप्प आवाज आला की खाली माझा मोठा भाऊ दत्तादादा, काही न बोलता, ज्या भांड्यावर काम चालू असेल ते बाजूला ठेवून कोपऱ्यातलं एक जुनं घंगाळ ओढी आणि त्यावर जोरजोरात ठोकायला लागे. त्याच्या ठोक्यांचा वेग बदलला की उजवीकडचा कारखाना वेग वाढवी, मग डावीकडचा, मग समोरचा. पाच मिनिटांत सगळी आळी कान फुटतील अशी घणघणत असे. याला आम्ही ‘ठोक वाढवणं’ म्हणायचो. कोणी कोणाला शिकवलेलं नव्हतं. ज्याच्या घरात भांडण पेटलं त्याची अब्रू बाहेर सांडू नये म्हणून शेजाऱ्यांनी केलेली ती सोय होती, आणि खरं सांगते, ती मायेनेच केलेली असे. पुढे कधीतरी त्यांच्या घरात पेटलं की आम्हीही त्यांच्यासाठी ठोकायचो. वरच्या मजल्यावर एक बाई मार खात असे आणि खाली पंचवीस भली माणसं तिच्यावर उपकार करत असत.

आमच्या समोर उस्मानचाचांचं कल्हईचं दुकान होतं. तीन पिढ्या त्यांची भट्टी आमच्या ओट्यासमोर पेटत आलेली. अण्णा भांडी घडवीत, चाचा त्यांना आतून कल्हई लावीत. त्यांची दोघांची मैत्री म्हणजे दिवसभर एकमेकांना टोमणे मारणं. अण्णा म्हणत, "उस्मान, तुझ्या कल्हईपेक्षा आमच्या शकूची पावडर जास्त टिकते." चाचा म्हणत, "रामभाऊ, तुझं भांडं आतून काळं, म्हणून तर माझं पोट चालतं." कल्हईवाल्याकडे ठोकण्याचं काम नसतं. तरी चाचांनी भट्टीमागे एक पोचे पडलेलं जुनं पातेलं ठेवलेलं होतं, आणि आमच्याकडे पेटलं की ते त्याचे पोचे काढायला घ्यायचे. माझ्या आठवणीत ते पातेलं कधीच सरळ झालं नाही.

आळीची आणखी एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजायचं नाही. आळीत कोणी वारलं, की कोणीतरी जाणतं माणूस रस्त्याच्या मधोमध उभं राहून "ठोक बंद!" अशी हाळी देई. ती ऐकली की उचललेला हातोडासुद्धा तसाच खाली ठेवायचा. मग सगळे बाहेर येऊन विचारत, "कोण गेलं?" ही हाळी दुसऱ्या कशासाठीही द्यायची नाही. गमतीत दिली म्हणून एका मुलाला त्याच्या बापाने फोडून काढलेलं मला आठवतं. बघा, आठवणी काढायला बसलं की मार आलाच.

त्या दिवशी मामा आला होता. आईचा धाकटा भाऊ, लोणी काळभोरचा. पहाटे गावातल्या गाडीतून मंडईत माळवं घालायचा आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तिथून चालत आमच्याकडे यायचा, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, कधी काकवीची बाटली. मामा आला की आई कुळथाचे शेंगोळे करी. पीठ लसूण-मिरची घालून मळायचं, त्याच्या करंगळीएवढ्या वळ्या करून लसणाच्या फोडणीच्या पाण्यात उकळायच्या. वळ्या वळायला आम्ही तिघं बसलो होतो. मामा वळत होता त्या अंगठ्याएवढ्या जाड होत होत्या आणि आई त्या पुन्हा मोडून वळत होती.

"आक्के, तुला त्यो पाटलाचा बैल ठावं हाय का?" मामाने सुरू केलं. "समदी पोरं झाडावर, आन् ही खाली उभी. हातात गोफण!"

"गोफण कसली, परकराचा नाडा होता," आई म्हणाली.

"आन् नाडा सोडल्याव परकर कुठं व्हता?"

आई हसायला लागली. तोंडावर पदर घेऊन नव्हे, डोकं मागे टाकून, मोठ्याने. पिठाचे हात हवेत धरलेले, डोळ्यांतून पाणी. ती कशी विहिरीत पडली आणि पोहून बाहेर आली तेव्हा पोलक्यातून बेडूक निघाला, तिने मामाच्या वाटची जिलबी कशी खाल्ली आणि माशांवर आळ घातला, एकामागून एक निघत गेलं. मामाने तिची नक्कल करायची आणि तिने मामाची. माझी आई कधीकाळी बैलाला पिटाळणारी मुलगी होती, ही गोष्ट मला पंधराव्या वर्षी पहिल्यांदा कळत होती. मला इतका आनंद झाला की मी मध्येच उठून तिच्या गळ्यात पडले आणि तिच्या केसांना पीठ लागलं.

अण्णा जिन्यात केव्हा येऊन उभे राहिले, कळलं नाही. आईला आधी दिसले. तिचं हसू मिटलं.

"काय चाललंय?" अण्णांनी विचारलं.

"काय न्हाई दाजी, आपल्या जुन्या गोष्टी," मामा म्हणाला.

"खाली आळीभर ऐकू येतंय, म्हणून विचारलं." आणि ते हात धुवायला गेले. तेव्हा मला हे जाणवलं नाही, आज जाणवतं. आईचा मार आळीत ऐकू जाऊ नये म्हणून सगळे राबत. तिचं हसणं मात्र तेवढ्या ठोकेतूनही आळीला ऐकू गेलं होतं.

जेवताना अण्णांनी शेंगोळे दोनदा वाढून घेतले, मामाला आग्रह केला, त्याच्या पिकांची चौकशीही केली. मामा निघाला तेव्हा त्याला जिन्यापर्यंत पोचवायला गेले. स्वारगेटला जाण्याआधी मामा नेहमी आळीच्या तोंडाशी पानाच्या टपरीवर थांबून निवांत पान खायचा. मी उष्टी भांडी घेऊन खाली आले, मागच्या मोरीत ठेवली आणि कारखान्यात एक कळशी घासायला बसले. दादा खुंट्यापाशी होता. वर दाराला कडी घातल्याचा आवाज आला, आणि लगेच भांडं आपटल्याचा.

दादाने घंगाळ ओढलं. उजवीकडची ठोक वाढली, डावीकडची वाढली. समोर चाचांनी भाता सोडून पातेलं घेतलं. आणि मीही, कोणी सांगितलेलं नसताना, लाकडी मोगरी उचलून त्या कळशीवर मारायला लागले. घासून झालेली कळशी होती, तिला मोगरीची काही गरज नव्हती. मी आईसाठी ठोकत होते. मला खरंच वाटत होतं की मी आईसाठी काहीतरी करते आहे.

दोन ठोक्यांच्या मधल्या फटीतून मला ऐकू आलं, "शकू!" आईचा आवाज. मी ठोकत राहिले. पुन्हा आलं, "शकू!" मी डोळे मिटून आणखी जोरात मारलं. आई कधी हाक मारत नसे. मार खाताना तिने आजवर एकदाही कोणाला बोलावलं नव्हतं, आणि ती मला बोलावते आहे हे मला ऐकायचं नव्हतं. तिसरी हाक आली ती अर्धीच. मोगरी टाकून मी जिन्यावर धावले. दाराला आतून कडी. मी दारावर दोन्ही मुठी आपटल्या, अण्णा, अण्णा म्हणून किंचाळले. त्या घणघणाटात माझा आवाज मलाच ऐकू येईना. दाराच्या फटीतून दिसलं ते एवढंच: आईचे पाय, त्यांवर चुलीवरून सांडलेलं शेंगोळ्यांचं उकळतं पाणी, आणि तिचे केस मुठीत धरलेला अण्णांचा डावा हात. उजव्या हातात कालच मठारून झालेली तपेली होती. ती खाली येत होती आणि वर जात होती. त्यांचा तो एकसारखा ठेका मला ओळखीचा होता.

मी खाली येऊन समोर गेले. चाचांच्या हातातलं पातेलं दोन्ही हातांनी धरलं.

"सोड बेटी," ते ओरडून म्हणाले. "तुझ्या आईची अब्रू झाकतोय."

"आई हाक मारत होती. मला. तीनदा मारली, चाचा. आपल्या ठोकेत ऐकूच येत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पातेलं माझ्या हातात तसंच सोडलं, उठले, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून त्यांनी हाळी दिली, "ठोक बंद!"

एक हातोडा थांबला, मग दुसरा, मग आळीच्या दोन्ही टोकांपर्यंत सगळे. भर दुपारी अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. माणसं ओट्यांवर आली. "कोण गेलं? उस्मानभाई, कोण गेलं?"

"अजून कोणी गेलं नाही," चाचा म्हणाले. "ऐका."

आणि सगळ्यांनी ऐकलं. तपेलीचा आवाज, त्याच्या मागोमाग आईचा आवाज, मग पुन्हा तपेलीचा. तो आवाज मी इथे लिहून दाखवणार नाही. गोदाकाकूंनी कानांवर हात ठेवले. एरवी सर्वात आधी ठोक वाढवणारे त्यांचे यजमान खाली मान घालून उभे राहिले. मग वरचा आवाज थांबला. कडी निघाली. आणि अण्णा जिना उतरून दारात आले, कपाळावर आठ्या, हाताला रक्त, आणि आळीच्या रीतीप्रमाणे त्यांनी विचारलं, "कोण गेलं रे?"

सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते. मग त्यांनीही आपल्या हाताकडे पाहिलं.

"हाळी कोणी दिली?"

"मी दिली, रामभाऊ," चाचा म्हणाले.

अण्णांनी भिंतीवरचा हातोडा काढला. चाचा पुढे आले, त्यांना वाटलं असणार की आपण बोलून समजावू, चाळीस वर्षं समजावत आलो तसं. पहिला घाव त्यांनी हात आडवा करून झेलला आणि त्यांचा अंगठा मागे वाकडा झालेला मी पाहिला. ते आमच्याच उंबऱ्यात पडले. अण्णांनी डाव्या हाताने खुंट्याचा आधार घेतला आणि उजवा हात पुन्हा उचलला. दादा जागचा हलला नाही. मी दादाला त्याबद्दल कधी दोष दिला नाही, निदान तोंडावर नाही. माझ्या हाताशी जाड मठारायचा हातोडा होता. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि अण्णांचा हात खाली येताना मनगटावर मारला. त्यांचा हात खुंट्यावर आपटला. मी पुन्हा मारला, खुंट्यावरच, जिथे हंडे ठेवायचे तिथे. हातोड्याला मी वाट दाखवली नाही, सगळा जोर माझाच होता. हाड मोडल्याचा आवाज तांब्याच्या आवाजापुढे अगदीच लहान असतो, पण त्या दिवशी आळी गप्प होती, म्हणून तो सगळ्यांना ऐकू गेला.

शांततेमुळे आणखी एकाला ऐकू गेलं होतं. मामा टपरीवरून धावत आला. अर्धं पान तोंडात, अर्धं हातात. त्याने चाचांना पाहिलं, गुडघ्यांवर बसलेल्या अण्णांना पाहिलं, माझ्या हातातला हातोडा पाहिला, आणि सगळ्यांना ओलांडून वर गेला. आईला त्याने खांद्यावर घालून खाली आणलं. तिच्या डाव्या कानातून रक्त गळत होतं आणि पायांची कातडी सोलवटली होती. जाताना मामा अण्णांपाशी थांबला. मला वाटलं, लाथ घालणार. तो एवढंच म्हणाला, "दाजी, दोन तासांमागं ती हसत व्हती वो."

लोणीला आम्ही पाच महिने राहिलो. पहिले आठ दिवस आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी तिच्या पायांना मलम लावायची, तिला भाकरी कुस्करून द्यायची, ती भिंतीकडे तोंड करून खायची. पुण्याहून निरोप आला की हाडवैद्य म्हणतो, रामभाऊंचं मनगट जुळेल पण बोटांत पकड येणार नाही, मठारकाम संपलं. तो ऐकून आईने कूस बदलली. मी ठरवून टाकलं की ती माझ्यावर चिडली आहे. तिने तीनदा हाक मारली, मी दोनदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि वर तिच्या नवऱ्याचा हात मोडला. नवव्या दिवशी ती बोलायला लागली, पण त्या दुपारबद्दल कधीच नाही. मीही विचारलं नाही. हे ओझं मी सासरी घेऊन गेले, बाळंतपणात घेऊन गेले, नोकरीत घेऊन गेले. आईने मला माफ केलंय की नाही, हे मला बावीस वर्षं माहीत नव्हतं.

अण्णा तिला न्यायला आले ते हात गळ्यात बांधून. माफी वगैरे काही नाही. अंगणात उभं राहून म्हणाले, "घरी सगळं कळकलेलं खातोय. उस्मान माझ्या भांड्यांना कल्हई लावत नाही." आई परत गेली. का गेली, असं आजच्या मुली मला विचारतात. तेव्हा जाण्यासाठी तेवढंच एक घर होतं. त्यानंतर अण्णांनी तिच्यावर आणखी दोनदा हात उचलला, डावा. दोन्ही वेळा पहिल्या आवाजाला आळीतला एकेक हातोडा थांबला. हाळी न देता. अण्णा त्या शांततेत उभे राहिले आणि मग खाली येऊन ओट्यावर बसले. तिसरी वेळ आली नाही. हळूहळू इतर घरांतही तेच व्हायला लागलं. घरोघरची ती ठोकायची जुनी भांडी मोडीत गेली. आज मी वारज्याला नवव्या मजल्यावर राहते. शेजारच्या फ्लॅटमध्ये आवाज चढला की आजूबाजूचे लोक टीव्ही मोठा करतात, शिकलेली माणसं आहेत. मी माझा टीव्ही बंद करते, खुर्ची ओढून दार सताड उघडं टाकून त्यांच्या दारासमोर बसते. सोसायटीत मला खडूस म्हातारी म्हणतात. म्हणू देत.

अण्णा गेले तेव्हा आळीत मोजके कारखाने उरले होते. हाळी चाचांनीच दिली, म्हाताऱ्या चिरक्या आवाजात. आमच्यात तेराव्याचं जेवण झालं की गेलेल्या कारागिराचा हातोडा फिरवतात. ज्याच्या हाती येईल त्याने खुंट्यावर एक ठोका द्यायचा आणि त्याची एक आठवण सांगायची. चांगलीच सांगायची, असा नियम. श्रीखंड-पुरी खाऊन सगळे कारखान्यात दाटीवाटीने बसले. दादाने पहिला ठोका दिला आणि अण्णांनी त्याला हंडा वाकडा केल्याबद्दल भट्टीतल्या सांडशीने कसं पळवून पळवून मारलं ते इतकं रंगवून सांगितलं की लोक खो-खो हसले. एका चुलतभावाला अण्णांनी पोहायला शिकवलं होतं, म्हणजे नदीत फेकून दिलं होतं. हसू. गोदाकाकूंच्या यजमानांच्या डोक्यात त्यांनी एकदा तांब्या घातला होता आणि मग स्वतःच टाके घालायला घेऊन गेले होते. पुन्हा हसू. आमच्या घराची ही गंमत आहे, प्रेमाची आठवण काढायची तर ती जखम दाखवूनच. शेवटी दादा म्हणाला, "आणि हंडा पडून मनगट मोडलं नसतं, तर अण्णांनी काय काय घडवलं असतं!" सगळ्यांनी माना हलवल्या. बाहेरच्यांना हेच सांगायचं ठरलं होतं, आणि सांगून सांगून घरच्यांचंही तेच झालं होतं. मी पदराचं टोक चुरगाळत बसले.

चाचांनी ठोका दिला. म्हणाले, "मला विषमज्वर झाला तेव्हा तीन आठवडे रामभाऊने माझी भट्टी चालवली. इतकी वाईट कल्हई पुण्यात कोणी पाहिली नसेल. गिऱ्हाइकं भांडी परत आणायची आणि हा त्यांच्याशी भांडायचा. मी अंथरुणात पडून ऐकायचो आणि हसायचो." मग त्यांनी आपला वाकडा अंगठा वर केला. "ही पण त्याचीच खूण. रोज नमाजाला हात धुताना आठवण येते." या वेळी कोणी हसावं की नाही ते लोकांना ठरवता येईना.

हातोडा माझ्याकडे यायचा होता. मध्येच आईने हात पुढे केला. बायका सहसा हातोडा घेत नसत, म्हणून दादा जरा घुटमळला, पण तिने तो घेतलाच. ठोका न देता मांडीवर ठेवला.

"शकू त्या दिवशी धावली," ती म्हणाली. कोणत्या दिवशी, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. "तिला वाटलं, मी वाचव म्हणून हाका मारतेय. मी वाचव म्हणत नव्हते. भाऊ कोपऱ्यावर पान खात असेल, त्याच्या कानावर जाईल, आणखी जोरात ठोक, एवढं सांगायला मी तिला बोलावत होते."

ती माझ्याकडे वळली.

"लोणीला तुझ्याशी बोलले नाही ते रागाने नाही गं. लाज वाटत होती. पोर माझा जीव वाचवायला धावली, आणि मी मेली कशासाठी ओरडत होते! हे तुला कसं सांगायचं?"

"आई," दादा हळूच म्हणाला, "आज चांगली आठवण सांगायची असते."

"चांगलीच सांगतेय. ह्यांच्याबरोबरच्या संसारात मला याहून चांगली आठवण नाही." आणि तिने हातोडा माझ्या हातात दिला.

मी खुंट्यावर ठोका दिला. अण्णांनी माझा हात धरून तपेलीवर पाच ठसे कसे उठवायला लावले ते सांगितलं, त्यांचा तळवा कसा होता ते सांगितलं, आणि इतकी वर्षं जे त्या घरात कोणी बोललं नव्हतं तेही सांगितलं. "तो हात मी मोडला. हंडा पडून नाही. मी मोडला."

दादाने खाली मान घातली. बाहेर आळीत उरलेले दोन-तीन हातोडे आपल्या नेहमीच्या चालीत पडत होते. आई थोडी पुढे सरकली, उजवा कान, जो तिला उरला होता, माझ्याकडे केला आणि कानामागे हात धरला.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "मोठ्याने सांग. सगळ्यांना ऐकू दे."

मी पुन्हा सांगितलं.